चुकायला जागा

इथे अमेरिकेत मुलाच्या हातात सोळाव्या वर्षी लायसन्स पडतं आणि आपण मराठी आईबाप त्याला एकच मंत्र देतो, ‘हळू चालव.’ मंत्र वाईट नाही. पण ओल्या वळणावर गाडी घसरायला लागली की करायचं काय, पाय कुठे, नजर कुठे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. बहुतेक वेळा सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. माझं मत असं, की हे शिकायची जागा रस्ता नव्हे, मोकळं मैदान. आणि त्या मैदानात गाडी चालवण्याइतकंच ते मैदान आखायला शिकणंही महत्त्वाचं आहे.

ऑटोक्रॉस म्हणजे काय ते आधी सांगते. रविवारी रिकामं पडलेलं मोठं पार्किंग किंवा वापरात नसलेली धावपट्टी घ्यायची, रस्त्याच्या कामाशेजारी दिसतात ते केशरी कोन मांडून त्यावर नागमोडी वाट तयार करायची आणि एकेक गाडी सोडून वेळ मोजायची. फेरी मिनिटभरात आटोपते. कोन पाडला तर वेळेत २ सेकंद वाढतात, दोन कोनांमधला दरवाजा चुकला तर फेरीच बाद. गाड्या रोजच्याच असतात, कुणाची सिव्हिक, कुणाची मियाटा, कुणाची टेस्ला. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही १९४४ सालची संस्था या खेळाला ‘सोलो’ म्हणते आणि तिची राष्ट्रीय स्पर्धा गेली बरीच वर्षं नेब्रास्कातल्या लिंकनला भरते. इंग्लंडमधल्या वाचकांचा गोंधळ नको, तुमच्याकडे ऑटोक्रॉस म्हणजे शेतातल्या गवतावरची शर्यत. आमच्या प्रकाराला जवळचं तुमचं नाव ऑटोसोलो. आणि पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली जी मुलं स्वतः रेसिंग कार बांधून ‘फॉर्म्युला भारत’ला नेतात, त्यांना हा शब्द मी सांगायला नको.

मिशिगनमधल्या आमच्या क्लबात मी गेले तीन मोसम कोर्स आखायला शिकते आहे. शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे, कारखान्यातून निवृत्त झालेले टूलमेकर. त्यांची शिस्त अशी, की कागदावर पहिली रेघ वाटेची नाही, अडथळ्यांची. दिव्याचे खांब, फुटपाथच्या कडा, गटाराच्या जाळ्या, हिवाळ्यातल्या बर्फाने उखडलेलं डांबर, उतार कुठे, खडी कुठे. मग पेन्सिलीने वाट. आणि प्रत्येक वळणाला एकच प्रश्न विचारायचा, चाकांची पकड इथे सुटली तर गाडी जाईल कुठे? वळणाला टेकून सरळ बाहेर जाणारी रेघ ओढायची. ती खांबाकडे, माणसांकडे किंवा वाटेच्याच दुसऱ्या भागात उभ्या असलेल्या कुणाकडे गेली, तर वळण खोडायचं. नववी-दहावीत घोकलेली वर्तुळाची स्पर्शिका मला इतक्या वर्षांनी अशी भेटली.

नियमांत आकडे आहेत. वाटेची कड कुठल्याही पक्क्या वस्तूपासून साधारण २५ फूट लांब, दरवाजा किमान १५ फूट रुंद, स्लॅलमच्या दोन कोनांत किमान ४५ फूट, आणि साध्या गाडीचा वेग ताशी ६० मैलांच्या फार वर जाऊ नये. पण नुसते आकडे पाळून भागत नाही. ताशी ६० मैलांनी गाडी सेकंदाला ८८ फूट जाते. २५ फूट म्हणजे डोळ्याची एक उघडझाप. म्हणून वेगाचा भाग मैदानाच्या मधोमध, किंवा जिथे बाहेर नुसतं डांबर पसरलंय तिकडे न्यायचा, आणि खांबाजवळून जायचंच असेल तर तिथे वाट हळू करायची.

नवखे लोक उलटं करतात. धोका नको म्हणून सगळी वाट आवळून टाकतात. लांब सरळ पट्ट्याच्या टोकाला अगदी बारीक वळण दिलं की गाडी हळू होईल, असा हिशेब. होतं भलतंच. चालक शेवटच्या क्षणापर्यंत ॲक्सिलरेटर सोडत नाही, मग ब्रेकवर उभा राहतो, आणि ज्याचा अंदाज चुकला तो सरळ पुढे जातो. सुरुवातीपासून लय थोडी मोडत नेली तर तोच माणूस आपोआप सांभाळून येतो.

शेवटाची तर मला सगळ्यात जास्त काळजी. वेळ थांबवणारं यंत्र दिसलं की शहाणी माणसंही अर्धा सेकंद कमवायला गाडी पिळतात. त्यामुळे ती रेषा वळणातून बाहेर पडता पडता यावी, वेग आधीच उतरलेला असावा, पुढे थांबायला ऐसपैस जागा असावी आणि त्या बाजूला रांगेतल्या गाड्या नकोत, बघे तर नकोतच.

कोन उचलणारी माणसं हा वेगळाच विचार. या खेळात नोकर कोणी नाही. जो चालवतो तो आपली पाळी संपली की लाल झेंडा घेऊन उन्हात उभा राहतो आणि पडलेले कोन धावत जाऊन जागेवर ठेवतो. प्रत्येक कोनाभोवती त्यासाठी खडूची चौकट आखलेली असते. हा माणूस वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभा राहता कामा नये, आणि येणाऱ्या गाडीकडे त्याची पाठ होता कामा नये. कागदावर त्याची जागा आधी मिळत नसेल तर तो कोर्स रद्द. (सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईने माझा आलेखाचा कागद बघून ‘ठिपके मोजून घेतलेस का?’ एवढंच विचारलं.)

मग मजा कुठे? कोन जेमतेम दीड फुटाचा असतो. मियाटासारख्या बुटक्या गाडीत बसलं की समोर नुसतं केशरी शेत दिसतं, वाट दिसत नाही. कमी कोन, पण नेमक्या जागी. बाजूला आडवा टाकलेला कोन बाणासारखा दिशा दाखवतो. चालकाला पुढची दोन-तीन वळणं एकदम दिसली पाहिजेत, म्हणजे तो आत्ताच्या वळणात पुढच्याची तयारी करतो. सारख्या अंतरावरचा स्लॅलम झोपाळ्यासारखा होतो, झुलत जा, संपला. शेवटचं अंतर थोडं कमी केलं की ज्याने पहिल्या कोनाला उशीर केला त्याची चौथ्याला तारांबळ उडते. चूक तीन कोन मागची, शिक्षा आत्ता, आणि तीही फक्त २ सेकंदांची! इतक्या स्वस्तात चूक समजावून सांगणारा मास्तर मला दुसरा माहीत नाही. तो मिळतो याचं कारण वळणाबाहेर रिकामी जागा ठेवलेली असते. जागा आहे म्हणून माणूस गाडीची हद्द आजमावतो. समोर खांब असता तर कोणी हिंमत केली नसती, आणि ज्याने केली असती त्याचं काय झालं असतं ते सांगायला नको. मजा आणि सुरक्षितता यांत ओढाताण असते असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही.

एक तक्रार क्लबवाल्यांबद्दलही आहे. काही जण आपल्यासारख्या चार मुरलेल्यांना आवडावा म्हणून कोर्स आखतात. नवीन पोरगी दोनदा वाट चुकते, तिची वेळ धरली जात नाही, ती परत येत नाही. मग आपणच म्हणायचं की आजकालच्या मुलांना शिकायला नको.

या मुलांना थरार हवाच असतो, मैदान नसेल तर चौक आहेच. डेट्रॉइटसह इथल्या कितीतरी शहरांत रात्री चौक अडवून गाड्या गरगरा फिरवण्याचं खूळ आहे आणि बघणारी पोरं बंपरपासून हातभर अंतरावर, मोबाइल वर धरून. त्यांतल्या कुणाला कधी सकाळभर लाल झेंडा घेऊन उभं केलं असतं, तर गाडी सुटली की कुठे जाते हे त्याने डोळ्यांनी पाहिलं असतं. म्हणून माझा आग्रह असा, की मुलांना आणाल तर पहिल्या दिवशी स्टिअरिंग देऊ नका. कोन उचलू द्या. दुसऱ्या वेळी एक वळण आखायला द्या आणि बाहेर जाणारी रेघ ओढायला लावा. चालवणं मग येतंच.

मंडळाची मंडळी म्हणतील, जागा कुठून आणायची? ढोल-ताशाच्या सरावासाठी दर उन्हाळ्यात पार्किंग शोधतोच की आपण. इथे तर क्लब तयार आहेत, फी एका कुटुंबाच्या हॉटेलातल्या जेवणाएवढी, आणि मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांची सही लागते, म्हणजे तुम्हाला यावंच लागेल.

येताना टोपी, पाणी आणि बंद बूट आणा. चाकांची हवा घरूनच बघून या. तपासणीत गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढायला लावतात, पायाखालच्या मॅटसुद्धा. डॅशबोर्डवरचा गणपती नुसता ठेवलेला असेल तर त्यालाही तेवढा वेळ खाली, पिशवीत, सावलीत बसवा.