गर्भाला लॉकडाऊन कळत नाही

करोनाचा विषय निघाला की हल्ली घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "झालं गेलं, आता कशाला उगाळायचं?" मला हे अजिबात पटत नाही. पुढची साथ येईल तेव्हा यादी पुन्हा हीच मंडळी करणार!

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला. दूध, किराणा, औषधं अत्यावश्यक ठरली. सॅनिटरी पॅडही त्यात मोडतात, हा केंद्राचा खुलासा यायला २९ मार्च उजाडला. मेच्या पहिल्या आठवड्यात राज्यात दारूची दुकानं उघडू लागली. जिल्ह्यांतर्गत एसटी सुटली २२ मेला, तीही रेड झोन सोडून. आता सांगा, अत्यावश्यक काय?

बाळंतपण, गर्भपात या सेवा कागदावर चालूच होत्या. पण रोह्याच्या डोंगरातल्या वाडीवरच्या बाईने अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायचं कसं? गर्भपाताची कायदेशीर मुदत तेव्हा वीस आठवडे होती. एसटी थांबली म्हणून आठवडे थांबत नाहीत. त्यात ३ जूनला निसर्ग वादळाने आपल्या रायगडातली वीज आणि फोनही नेले. गरोदर बायांची विचारपूस करणाऱ्या आशाताईंना करोनाच्या सर्वेक्षणाला जुंपलं, आणि मोबदल्यासाठी जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला.

शाळा बंद म्हणजे फक्त धडे बंद नव्हेत. मुलीला पाळीबद्दल ज्या बाईंना हळूच विचारता येतं, त्याही बंद. घरात चार माणसांत लग्न स्वस्तात उरकण्याची सोय मात्र झाली. आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये २०१४-१५ च्या इबोलात शाळा बंद पडल्या, कोवळ्या मुली गरोदर राहिल्या, आणि वर सरकारने त्यांनाच शाळेत यायला बंदी घातली. ती उठली मार्च २०२० मध्ये. म्हणजे धोक्याची घंटा आधीच वाजली होती.

कोणी म्हणतील, "त्रास सगळ्यांनाच झाला, बायकांचं वेगळं काय?" वेगळं हे, की माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलं, काही बिघडलं नाही. गर्भ लांबणीवर टाकता येत नाही.

म्हणून पॅड, गर्भनिरोधक गोळ्या, निरोध, दवाखान्यापर्यंत गाडी आणि मुलामुलींना मोकळेपणी विचारता येईल असं माणूस, हे सारं पुढच्या यादीत पहिल्या दिवशी हवं. पाचव्या नव्हे. येत्या ग्रामसभेत तसा ठराव मांडा. पुरुषांनीही मांडा, लाजू नका.