खडखडाटाचे मोजमाप

इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावच्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये पाच मिनिटे उभे राहा. शेजारच्याशी बोलायचे तर तोंड त्याच्या कानाला लावावे लागते; जुने कामगार खुणांवरच भागवतात. धोटा आपटतो, पत्रा थरथरतो आणि पाळी अशीच सरते. कानात फार तर सुताचा बोळा.

आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबल ही आपली मर्यादा. धोट्याच्या मागावर ती सहज ओलांडली जाते. शिवाय हे गणित साध्या बेरजेचे नाही: तीन डेसिबल वाढले की ध्वनिऊर्जा दुप्पट! दारात उभे राहून एकदा मीटर धरला, याला जोखमीचे मूल्यमापन म्हणता येणार नाही. मापक कामगाराच्या खांद्यावर पाळीभर हवा, आणि कामाला लागतानाच त्याची श्रवणचाचणी हवी, पुढे दरवर्षी. कारण हानी आधी 4000 हर्ट्झच्या आसपास होते. बोलणे ऐकू येत असते, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. घरात टीव्हीचा आवाज वाढतो, नातवंडे ‘आबा, बहिरे झालात का?’ म्हणून हसतात, तोवर कानातल्या केशपेशी गेलेल्या असतात. त्या परत येत नाहीत.

1948च्या कारखाने अधिनियमाने हे बहिरेपण नोंदवण्याजोगा आजार मानले. पण चार-सहा मागांची शेड ‘कारखाना’ या व्याख्येतच बसत नाही. कामगार रोज बुडवून तपासणीला जाणार नाही. आरोग्य खात्याने श्रवणचाचणीची गाडी शेडच्या दारात न्यावी.