सगळेच प्रेषित रक्तसाक्षी झाले का?

१/ योहान वगळता येशूच्या सर्व निष्ठावंत प्रेषितांनी श्रद्धेसाठी प्राण दिले, हे विधान सिद्ध इतिहास म्हणून मिरवले जाते. ते टिकत नाही. परंपरा एक असली, तरी प्रत्येक नावामागचा पुरावा सारखा नाही.

२/ जब्दीचा मुलगा याकोब याला हेरोद अग्रिप्पाने तलवारीने मारविले, एवढेच ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ सांगतो. ना चमत्कार, ना अखेरचे भाषण. अग्रिप्पा इ.स. ४४ मध्ये वारला. म्हणजे हा वध त्यापूर्वीचा.

३/ पेत्राच्या यातनांचा व मृत्यूचा निर्देश पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेल्या, क्लेमेंटच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पत्रात आहे. उलट्या क्रुसाची कथा मात्र दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील ‘पेत्राची कृत्ये’मध्ये येते.

४/ थोमाचा भाल्यांनी झालेला मृत्यू तिसऱ्या शतकातील ‘थोमाची कृत्ये’ रंगवते. त्याआधीचा भाष्यकार हेराक्लिऑन मात्र अधिकाऱ्यांपुढे कबुली देण्याचा प्रसंग न येता निवर्तलेल्यांत मत्तय, फिलिप्प आणि थोमा यांची नावे घेतो. प्रचारक हा उतारा सोयीस्करपणे विसरतात.

५/ म्हणून सगळेच खोटे ठरवणे हाही आळसच. ‘रक्तसाक्षी’मागील मूळ ग्रीक शब्द ‘मार्तिस’. त्याचा अर्थ साक्षीदार. साक्षीदाराची उलटतपासणी म्हणजे त्याचा अपमान नव्हे. याकोबाच्या त्या एका कोरड्या ओळीला दंतकथांच्या पंगतीत बसवणे, हा मात्र मृतांवरचा अन्याय आहे.