येशू होऊन गेला का?

येशू ख्रिस्त खरोखर होऊन गेला, की ती नंतरच्या भक्तांनी रचलेली कथा आहे? आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत हा विषय दर नाताळाच्या सुमारास निघतो आणि बहुधा एका वाक्यात संपतो. "अहो, तो झालाच नाही, सगळे बनवलेले आहे." असे म्हणणारे गृहस्थ विज्ञाननिष्ठ असतात, निदान येशूच्या बाबतीत तरी. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे एवढ्यावर माझे समाधान होत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. तो होऊन गेला असे मला वाटते.

हे नाकारणारे सगळे काही उथळ नव्हेत. व्होल्नी आणि द्युप्युई या फ्रेंच लेखकांनी १७९० च्या दशकात येशूची कथा ही सूर्यकथेचेच रूप आहे असे मांडले. पुढे जर्मनीत ब्रूनो बाउअर झाला, १९०९ मध्ये आर्थर ड्र्यूजचे पुस्तक आले आणि अलीकडे, २०१४ मध्ये, रिचर्ड कॅरियरने याच बाजूने जाडजूड ग्रंथ लिहिला. उलट बाजूने २०१२ मध्ये पुस्तक लिहिणारा बार्ट अर्मन स्वतः श्रद्धावान नाही, हे मुद्दाम सांगतो. विद्यापीठांतून हा विषय शिकवणाऱ्यांपैकी बहुतेक जण, त्यांत ज्यू आणि निरीश्वरवादीही आले, येशू नावाचा माणूस होऊन गेला असेच मानतात. पण बहुमताने इतिहास ठरत नाही, म्हणून पुरावा पाहू.

नाकारणाऱ्यांचे काही मुद्दे बिनतोड आहेत. येशूच्या हयातीतला एकही कागद त्याचे नाव घेत नाही. त्याच काळात अलेक्झांड्रियात राहून भरपूर लिहिणारा फिलो त्याच्याविषयी अवाक्षर काढत नाही. चारही शुभवर्तमाने त्याच्या मृत्यूनंतर साधारण चाळीस ते सत्तर वर्षांनी लिहिली गेली आणि त्यांचा एकमेकांशी मेळ नाही. मत्तय म्हणतो येशू हेरोद राजाच्या काळात जन्मला, हेरोद इ. स. पूर्व ४ मध्ये वारला. लूक त्याचा जन्म क्विरिनियच्या शिरगणतीशी जोडतो, ती इ. स. ६ मधली. ज्यू इतिहासकार जोसेफसच्या ग्रंथात येशूची स्तुती करणारा उतारा आहे, पण त्यात नंतरच्या ख्रिस्ती नकलनविसांनी हात मारला आहे हे आता जवळपास सर्वमान्य आहे.

पण समकालीन नोंद नाही म्हणजे माणूस नाही, हा हिशेब मला पटत नाही. माझ्या पणजीच्या नावे सातबारा नव्हता, जन्माची नोंद नव्हती, छायाचित्र तर नाहीच. ती होती याचा पुरावा म्हणजे आम्ही. साम्राज्याच्या कडेच्या एका खेड्यातल्या सुताराची नोंद रोमने का ठेवावी? ज्याने त्याला मृत्युदंड दिला तो पंतय पिलात तर दहा वर्षे यहूदियाचा सुभेदार होता. त्याचे नाव कोरलेला दगड कैसरिया इथे सापडला तो १९६१ मध्ये. सुभेदाराची ही गत, तिथे सुताराचे काय!

आता मला सर्वांत वजनदार वाटणारा पुरावा सांगतो. तो चमत्काराचा नाही, भावाचा आहे. पौलाची पत्रे शुभवर्तमानांच्याही आधीची, इ. स. ५० च्या आगेमागची. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की आपण यरुशलेमला जाऊन पंधरा दिवस पेत्राकडे राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब याच्याशिवाय दुसऱ्या कोणा प्रेषिताला भेटलो नाही. हे तो देवाला साक्षी ठेवून सांगतो, कारण यरुशलेमच्या मंडळींशी आपला फारसा संबंध नव्हता हेच त्याला ठसवायचे आहे. याकोबाचे नाव घेण्यात त्याला आनंद नाही. त्याच पत्रात पुढे याकोबाकडून आलेल्या माणसांमुळे अंत्युखियात जेवणाच्या पंगतीवरून झालेले भांडण आहे. महाराज गेले, गादीपाशी भाऊ बसला आणि बाहेरून आलेला शिष्य कुरकुरतो, हे चित्र आपल्याला काही नवे नाही. इ. स. ६२ मध्ये या याकोबाला दगडांनी ठार मारले. ते जोसेफसने लिहून ठेवले आहे, 'ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ' अशी त्याची ओळख देऊन. हा उल्लेख वर सांगितलेल्या भेसळीच्या उताऱ्यापेक्षा वेगळा, आणि बहुतेक अभ्यासक तो अस्सल मानतात. जोसेफस तेव्हा पंचविशीचा होता आणि यरुशलेमचाच होता.

'प्रभूचा भाऊ' ही नुसती पदवी होती, असे कॅरियरसारखे लेखक म्हणतात. पण करिंथकरांना लिहिताना पौल प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि पेत्र यांची नावे वेगवेगळी घेतो. भाऊ हे सर्वच भक्तांचे नाव असते तर पेत्र त्यातून बाहेर कसा? (कॅथॉलिक परंपरा याकोबाला चुलत-मावस भाऊ मानते. आपण मराठीतही त्याला भाऊच म्हणतो, त्यामुळे माझ्या मुद्द्याला धक्का लागत नाही.) काल्पनिक माणसाला भांडखोर नातेवाईक सहसा नसतात.

शुभवर्तमानांकडे मी बखरीसारखे पाहतो. सभासदाच्या बखरीत भवानी देवी शिवाजी महाराजांशी बोलते, म्हणून अफझलखान प्रतापगडाखाली आलाच नाही असे कोणी म्हणत नाही. अर्थात महाराजांसाठी समकालीन पत्रे आहेत, येशूसाठी नाहीत, हा फरक मोठा आहे. पण बखरीतही लेखकाला अडचणीची वाटणारी गोष्ट दिसली की मी थांबतो. मसीहा बेथलेहेमचा हवा, आणि हा तर नासरेथचा. लूकची ती घोटाळ्याची शिरगणती मुळात याच्या आईबापांना बेथलेहेमला नेण्यासाठीच आली असावी. रचलेलाच माणूस असता तर त्याला सरळ बेथलेहेमचा रहिवासी करायला कोणी अडवले होते? आणि गुलामांना व बंडखोरांना देतात तसले मरण तारणहाराला कोण देईल?

आपल्याकडची गंमत वेगळीच. बाबाराव सावरकरांनी १९४६ मध्ये ख्रिस्त हा मूळचा तमिळ हिंदू असल्याचे पुस्तक लिहिले. त्याआधी १८९४ मध्ये नोटोविच या रशियन प्रवाशाने लडाखच्या हेमिस मठात येशूचे भारतातले चरित्र वाचल्याचे छापले. दुसऱ्याच वर्षी डग्लस नावाच्या प्राध्यापकाने तिथे जाऊन विचारले तेव्हा मठाच्या प्रमुखाने ते साफ नाकारले. तरी कथा चालूच आहे. येशू झालाच नाही आणि येशू लडाखला येऊन गेला, ही दोन्ही मते मी एकाच गृहस्थांच्या तोंडून एकाच सकाळी ऐकली आहेत.

मग इतिहासाच्या हाती काय उरते? गालीलमधला एक फिरता उपदेशक, योहानाकडून बाप्तिस्मा घेतलेला, पिलाताच्या हुकमाने मारलेला. एवढेच. माझ्याबरोबर नोकरीला असलेल्या वसईच्या एका ख्रिस्ती शिक्षकांना हे फार तोकडे वाटे. "आणि तिसरा दिवस?" असे ते विचारत. तिथे माझ्या विषयाचा तास संपतो, असे मी म्हणे. ते हसत, पण त्यांचे समाधान झालेले नसे.

गांधीजी १९३१ मध्ये म्हणाले होते की येशू झाला नाही असे उद्या सिद्ध झाले तरी आपल्याला फरक पडणार नाही, डोंगरावरचे प्रवचन आपल्यासाठी खरेच राहील. गांधीजींबद्दल पूर्ण आदर ठेवूनही मला इथे फरक पडतो असे वाटते. प्रवचन कोणाचेही असो, ते टिकेल. पण सणाच्या गर्दीत घाईघाईने खांबावर चढवलेला एक गरीब माणूस खरोखर तिथे होता की नव्हता, हा प्रश्न प्रवचनाचा नाही. तो त्या माणसाचा आहे, आणि त्याच्यामागे राहिलेल्या त्याच्या भावाचा.