डाव्या चपलेचा तळ

मा. आरोग्यमंत्री आणि मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,



आमच्या बसस्टँडबाहेर बसणारे मोचीकाका दर दिवाळीला माझ्या मुलीच्या डाव्या चपलेला एक तळ वाढवून देतात. मांडीच्या हाडाची बहुतेक वाढ गुडघ्याजवळच्या टोकातून होते. तिचं नेमकं तेच टोक ऑस्टिओसार्कोमाने, म्हणजे हाडाच्या कर्करोगाने, नासवलं. ती ११ वर्षांची असताना ते काढून तिथे धातूचा सांधा बसवला. आज ती १४ वर्षांची आहे. उजवा पाय वाढतोय, डावा मागे राहतोय. मुलाच्या वाढीबरोबर लांबवता येणारा सांधाही मिळतो, पण त्याची किंमत ऐकून आम्ही गप्प बसलो.

उपचारांबद्दल मी कृतघ्न नाही. १९७०च्या आधी या आजारात पाय कापला तरी ५ पैकी ४ मुलं जात, कारण रोगाचे कण आधीच फुप्फुसात पोचलेले असत. केमोथेरपीने हे चित्र पालटलं. आज रोग पसरण्याआधी सापडला आणि उपचार पुरे झाले, तर ३ पैकी जवळपास २ मुलं वाचतात. बहुतेकांचा पायही वाचतो.

पण ‘आधी सापडला’ या दोन शब्दांतच आमचे तीन महिने गेले. वाढीच्या वयात गुडघा दुखला की घरचे म्हणतात हाड वाढतंय, शेजारी म्हणतात मुका मार असेल. आम्हीही चोळून घेतलं, लेप लावले. ती रात्री दुखण्याने उठून बसायची. एका दवाखान्यात तर गाठ फोडायची तयारी झाली होती. अशा गाठीला भलतीकडे चीर दिली किंवा तपासणीचा तुकडा चुकीच्या जागेतून घेतला, तर पुढे पाय वाचवणंच कठीण होऊन बसतं, हे मला फार उशिरा कळलं.

आरोग्यमंत्री महोदय, प्रत्येक आरोग्यकेंद्रात एक साधा नियम लावा. रात्री दुखतं आहे, सूज उतरत नाही, असं मूल आलं की आधी एक्स-रे. आणि शंका आली तर चीर न देता थेट मोठ्या केंद्रात. सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं की फाइल मिटवू नका. सांधा झिजतो, सैल होतो, बदलावा लागतो. फिजिओथेरपी तर वर्षानुवर्षं चालते. तीही जिल्ह्यातच मिळू द्या. गुडघा वाकवायला दर आठवड्याला मुंबई कोणाला परवडते?

शिक्षणमंत्री महोदय, आता शाळेचं सांगते. धातूच्या गुडघ्याने उकिडवं बसता येत नाही आणि शाळेत कमोड नाही. म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही. केमोच्या औषधांचा ताण मूत्रपिंडांवर आला होता, डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. घरी मी तांब्या भरून देते, शाळेतून बाटली तशीच परत येते. त्याच औषधांनी कानही थोडे मंदावले, पण उंच म्हणून तिला मागच्या बाकावर बसवलंय. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली आणा म्हटलं तर, ‘एका मुलीसाठी वर्ग कसा हलवणार?’ २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळेची इमारत आणि सोयी अशा मुलांना वापरता येतील अशा करायला सांगितल्या आहेत. त्या मानाने माझं मागणं किरकोळ आहे: तळमजल्यावरचा वर्ग, पहिला बाक आणि एक कमोड.

तुमच्या दोन खात्यांच्या मध्ये एक जिना आहे आणि माझी मुलगी त्यावर उभी आहे. रुग्णालयाच्या लेखी ती बरी झाली, शाळेच्या लेखी ती इतरांसारखीच. पाच वर्षं जगली की आकडेवारीत ती यशस्वी ठरेल. तिला मात्र त्याच पायावर पुढची पन्नास-साठ वर्षं काढायची आहेत.

मोचीकाका तिचा पाय कधी मोजत नाहीत. तिला चार पावलं चालायला लावतात, मान तिरकी करून बघतात आणि सांगतात, यंदा अर्धं बोट जास्त लागेल.

आपली,
एक आई