मापात पाप कोणासाठी?



रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर भरते की नाही, हे आपला ट्रॅकमन गेज लावून पाहतो. पार्सल टपालखात्याच्या काट्यावर चढते आणि तो काटाही प्रमाणित वजने ठेवून तपासला जातो. प्रमाण म्हणजे काय, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. आमचा सवाल एवढाच : प्रमाण ठरते ते कोणाच्या सोयीसाठी?

चेन्नईच्या उत्तरेला गुडूर मार्गावर गुम्मिडिपूंडी स्टेशन आहे. त्याच तालुक्यात थेर्वाय कंडिगै औद्योगिक वसाहतीत टायर बनतो आणि टायरला लागणारा कार्बन ब्लॅकही. ही काजळी म्हणजे 'नॅनो' हा शब्द रूढ होण्याआधीपासूनचा नॅनो-माल. 'एन ३३०' प्रतीचा मूळ कण सुमारे ३० नॅनोमीटरचा आणि एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे ७८ चौरस मीटर. म्हणजे चिमूटभर काजळीत आपले अख्खे क्वार्टर मावते!

गिऱ्हाइकाला प्रत बरोबर मिळावी म्हणून अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेने 'संदर्भ काजळ्या' ठरवल्या आहेत. प्रयोगशाळेने आपले यंत्र त्यांवर तपासून घ्यायचे. सोन्यासाठी तर राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या सहभागाने मुंबईच्या टांकसाळीने ९९.९९ टक्के शुद्धतेचे भारतीय निर्देशक द्रव्य घडवले. चांगलेच झाले. पण पोती भरणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या छातीत काय जाते, त्याचे माप कोणते?

धुळीचे माप आजही मुख्यतः वजनावर होते. कणाचा व्यास दहापट घटला की तेवढ्याच वजनात कण हजारपट होतात, पृष्ठफळ दहापट वाढते. काटा मात्र जागचा हलत नाही. हे जाणकारांनाही ठाऊक आहे. म्हणूनच २०११ साली अमेरिकेच्या नायोश संस्थेने टायटॅनियम डायऑक्साइडच्या साध्या धुळीला घनमीटरमागे २.४ मिलिग्रॅम, तर अतिसूक्ष्म धुळीला ०.३ मिलिग्रॅम अशी शिफारस केली. पदार्थ तोच, मर्यादा आठपट कडक! आणि या पांढऱ्या रंगद्रव्याची आमच्या वर्कशॉपांतल्या रंगकामाशीही ओळख आहेच.

मालक म्हणतील, हे कण एकमेकांना चिकटतात, सुटे उडत नाहीत. मग हवेत मोजून दाखवा! मालक म्हणतील, माणसांत पुरावा अपुरा आहे. खरे आहे, पण प्राण्यांवरील पुराव्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कार्बन ब्लॅकला 'कर्करोग होण्याची शक्यता' या २-ब गटात ठेवले आहे. पुरावा पुरा होण्यासाठी आधी आमची फुप्फुसे भरावीत काय?

आयएसओची नॅनो समिती २००५ पासून आहे. सुरक्षेवर तिनेही कागद काढले, पण ते ऐच्छिक. ऐच्छिक सिग्नलवर गाडी चालवून पाहा म्हणावे!

आमच्या मागण्या साध्या आहेत. वजनाबरोबर कणांची संख्याही मोजा. यंत्र संदर्भ द्रव्यावर तपासा आणि ते मालकाच्या पगारावर नसलेल्या माणसाकडून. आकडे फाटकावरच्या फळ्यावर कामगाराच्या भाषेत लिहा. भारतीय मानक ब्यूरोच्या समितीत कामगारांचा प्रतिनिधी बसवा.

सोने कसाला लागते. आमचा श्वासही लागू द्या. गुम्मिडिपूंडीचा कामगार तमिळ बोलतो, आम्ही मराठी. खोकला दोघांचा एकच.

कामगार एकजुटीचा विजय असो!