दंडाने मक्तेदारी मोडेल काय?

अँड्रॉइड प्रणालीवरील प्रभुत्वाचा गैरवापर केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगल कंपनीस १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्ले स्टोअर हवे असेल, तर कंपनीची इतर अ‍ॅपही फोनमध्ये बसवलीच पाहिजेत, अशी सक्ती फोन बनविणाऱ्यांवर होती. २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम केला. परंतु आयोगाच्या दहा आदेशांपैकी चार रद्द केले. प्रतिस्पर्धी स्टोअरला प्ले स्टोअरमध्ये जागा द्यावी, आधीच बसविलेली अ‍ॅप काढून टाकण्याची मुभा ग्राहकास असावी, हे आदेश त्या चारांतलेच. रक्कम शाबूत राहिली, उपायांना मात्र कात्री लागली!

आकडा सामान्य माणसाचे डोळे दिपविणारा आहे. पण गूगलची पालक कंपनी अल्फाबेट हिची २०२२ सालची जागतिक उलाढाल सुमारे २८,३०० कोटी डॉलर होती. त्या हिशेबाने हा दंड म्हणजे जेमतेम पाच तासांची उलाढाल. अशा दंडाची जरब ती काय बसणार? तो शिक्षा न राहता धंद्याचा खर्च होऊन बसतो.

हे ओळखूनच २०२३ च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा जागतिक उलाढालीशी जोडली. येथील अपराधासाठी जगभरच्या मिळकतीवर हात का टाकावा, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हे. अँड्रॉइड फोनमुळे स्वस्त फोन घरोघरी पोहोचले, हेही नाकारता येत नाही. म्हणून कमाल मर्यादा हा सरसकट दर होता कामा नये. गैरवापरातून किती लाभ झाला आणि तो किती काळ चालला, यावर दंड ठरावा.

परंतु केवळ रकमेचा वाद घालणे म्हणजे मूळ प्रश्न चुकविणे होय. दंड सरकारी खजिन्यात जमा होतो. ज्याचे अ‍ॅप ग्राहकापर्यंत पोहोचलेच नाही, त्या लहान उद्योजकाच्या पदरी त्यातला एक पैसाही पडत नाही. त्याला भरपाईपेक्षाही मोकळी वाट हवी आहे. न्याय्य शिक्षा तीच, जी अपराध्याचा लाभ हिरावते आणि इतरांची अडविलेली वाट खुली करते. यांपैकी दुसरे काम अधिक महत्त्वाचे असून नेमके तेच अपुरे राहिले आहे.